प्रायश्चित्तकाळाच्या तयारीत आधी काय: पश्चात्ताप की क्षमा?

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा प्रायश्चित्तकाळ ज्या दिवशी सुरू होतो, त्या राखेच्या बुधवाराला तीन आठवडे उरले आहेत. दरवर्षी आपण या काळात एखादा आवडीचा पदार्थ सोडता आणि ईस्टर झाला की पुन्हा सुरू करता. यंदा मात्र तेवढ्यावर भागवायचे नाही, असे आपण ठरवले आहे. आईच्या शेवटच्या आजारपणात थोरल्या बहिणीने सगळा भार आपल्यावर टाकला, अंत्यविधीच्या दिवशीच त्यावरून दोघांत कडाक्याचे भांडण झाले आणि तेव्हापासून चार वर्षे बोलणे बंद आहे. आपण विचारता की, पापनिवेदनाला, म्हणजे धर्मगुरूंजवळ पापे कबूल करायला, जाण्याआधी तिला क्षमा केलीच पाहिजे का? मनातून तसे वाटत नसताना ‘क्षमा केली’ म्हणणे खोटे ठरणार नाही का? तिने तर क्षमा मागितलेलीही नाही. आणि शेवटी, यंदा सोडावे तरी काय?

मी कॅथलिक धर्मगुरू आहे. गेली सव्वीस वर्षे पापनिवेदने ऐकत आलो आहे आणि प्रायश्चित्तकाळाआधीची आध्यात्मिक शिबिरे घेत आलो आहे. पापनिवेदनात ऐकलेले एक अक्षरही बाहेर सांगता येत नाही, त्यामुळे खाली जे सांगतो ते शास्त्रातले आहे, परंपरेतले आहे किंवा माझ्या स्वतःच्या आयुष्यात घडलेले आहे. आपली मंडळी (चर्च) कोणती हे आपण लिहिलेले नाही. पापनिवेदनाचा विधी प्रत्येक मंडळीत सारखा नसला, तरी आपल्या प्रश्नाचा गाभा सर्वांना सारखाच लागू आहे.

माझ्या मते खरी अडचण अशी आहे की, आपण तीन वेगळ्या गोष्टी एकाच गाठोड्यात बांधल्या आहेत. एक, आपल्या हातून जे घडले त्याबद्दलचा पश्चात्ताप. दोन, तिच्या हातून जे घडले त्याची क्षमा. तीन, तुम्हा दोघांचा समेट. पहिली गोष्ट पूर्णपणे आपल्या हातात आहे आणि ती उद्या सकाळीसुद्धा सुरू करता येते. दुसरीही आपल्याच हातात आहे, पण तिला वेळ लागतो. तिसरीला दोन माणसे लागतात, म्हणून ती अमुक तारखेपर्यंत झालीच पाहिजे असा आग्रह कोणालाही धरता येत नाही. आपण तिन्हींना राखेच्या बुधवाराची मुदत घातली आहे आणि तिसरी होत नाही म्हणून पहिलीही अडवून ठेवली आहे.

आपल्या मजकुरात बहिणीच्या वागण्याचे वर्णन बऱ्याच ओळींत आहे, आणि स्वतःबद्दल एकच वाक्य आहे: ‘माझ्याही तोंडून त्या दिवशी नको ते निघाले.’ हे मी दोष काढण्यासाठी दाखवत नाही. दुखावलेला माणूस असेच लिहितो. पण प्रायश्चित्तकाळाची तयारी नेमकी त्या एका वाक्यापाशी सुरू होते. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या पाचव्या अध्यायात येशू सांगतो की, वेदीपाशी अर्पण आणल्यावर आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवावे आणि आधी जाऊन भावाशी समेट करावा. हे वचन आपण इतक्यांदा ऐकलेले असते की, त्याची दिशा लक्षात येत नाही. आपल्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर, असे तिथे म्हटलेले नाही. भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही असेल तर, असे म्हटलेले आहे. वेदीपाशी आठवायचे ते आपण केलेले नुकसान.

ही दिशा चुकली की काय होते, ते मी स्वतः अनुभवले आहे. धर्मगुरू म्हणून सुरुवातीच्या वर्षांत माझे एका वयाने मोठ्या सहकाऱ्याशी बिनसले होते. त्यांनी एका सभेत सर्वांदेखत माझा अपमान केला होता, आणि तो मी वर्षभर मनात धरून ठेवला होता. राखेच्या बुधवाराच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो आणि म्हणालो, ‘मी तुम्हाला क्षमा केली आहे.’ त्यांनी शांतपणे विचारले, ‘कशाबद्दल?’ मग मी कारण सांगू लागलो, एकातून दुसरे निघाले आणि दहा मिनिटांत आम्ही पूर्वीपेक्षा वाईट अवस्थेला पोचलो. क्षमा द्यायला म्हणून मी गेलो होतो, पण खरे पाहता आरोपपत्र वाचून दाखवायला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी लोकांच्या कपाळावर राख लावताना माझा हात जड झाला होता.

पुढच्या वर्षी त्याच दिवशी दुपारी ते अंगणात राख तयार करत होते. गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, आशीर्वादित केलेल्या झावळ्या वर्षभर जपून ठेवतात आणि सुकल्यावर त्या जाळून ही राख करतात. झावळी भुरुभुरु जळते, पण देठ जळता जळत नाहीत. ते काळे, अर्धवट राहतात आणि चाळणीत अडकतात. ते देठ निवडत बसले होते. मी जवळ गेलो आणि वर्षभर मनात घोळवलेले एकच वाक्य म्हणालो: ‘मी तुमच्या माघारी दोन ठिकाणी तुमच्याबद्दल वाईट बोललो, ते चुकीचे होते, मला क्षमा करा.’ सभेचा विषय मी काढला नाही. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी चाळणीची दुसरी बाजू माझ्या हातात दिली, आणि आम्ही दोघांनी मिळून राख चाळली. त्या अपमानाबद्दल त्यांनी माझी क्षमा मागितली ती त्यानंतर पाच-सहा महिन्यांनी, आपणहून. मागितली नसती तरी माझे त्या दुपारचे काम पूर्ण झालेले होते.

म्हणून मी लोकांना सांगतो की, क्षमा करायला जाण्यापूर्वी क्षमा मागायला जावे, आणि तेही केवळ आपल्या वाट्याची. आपला वाटा शंभरात दहा असेल, तर दहाची मागावी. समोरच्याचे नव्वद त्या भेटीत काढू नयेत.

आता तिच्या वाट्याचे काय? प्रभूच्या प्रार्थनेत आपण मराठीत ‘ऋण’ हा शब्द वापरतो: आम्ही आमच्या ऋण्यांना ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे सोड. मूळ ग्रीक शब्दही देण्याघेण्याच्या व्यवहारातलाच आहे. ऋण सोडायचे तर ते किती होते हे आधी मांडावे लागते. ‘जाऊ द्या, काही झालेच नाही’ असे म्हणणे म्हणजे हिशेब न पाहताच वही बंद करणे. मग तीच वही रात्री-अपरात्री पुन्हा उघडली जाते. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातल्या निर्दय दासाच्या दाखल्यात (बोधकथेत) त्या दासाचे राजाला दहा हजार तालांत देणे असते, आणि त्याच्या सोबत्याचे त्याला शंभर दिनार देणे असते. राजा दासाचे ऋण सोडतो, पण दास सोबत्याचे सोडत नाही. एक दिनार ही मजुराची दिवसाची मजुरी होती, आणि एक तालांत म्हणजे सुमारे 6000 दिनार. राजाचे ऋण कोणत्याही माणसाला जन्मभरात फेडता येणार नाही असे होते, हे सर्वांच्या ध्यानात येते. पण सोबत्याचे ऋणही क्षुल्लक नव्हते. ती शंभर दिवसांची, म्हणजे तीन महिन्यांहून अधिक काळाची कमाई होती. आपल्यावर झालेला अन्याय किरकोळ आहे, असे येशू त्या दाखल्यात कुठेही म्हणत नाही. तो खरा आहे, मोजता येण्याजोगा आहे, आणि तरीही सोडायचा आहे. आईच्या उशाशी आपण एकट्याने काढलेल्या रात्री हे आपले शंभर दिनार आहेत. ते स्वतःशी स्पष्ट शब्दांत मांडण्यात काहीही गैर नाही. उलट त्याशिवाय ते सुटत नाहीत.

‘मनातून वाटत नाही’ या आपल्या शंकेचे उत्तर यातच आहे. ऋण सोडणे ही भावना नव्हे, तो निर्णय आहे. सावकाराला कर्ज माफ करताना आनंद झालाच पाहिजे असे नाही. पुढच्या महिन्यात त्याने वसुलीला माणूस पाठवू नये, एवढेच पाहायचे. आपल्या बाबतीत वसुली म्हणजे टोमणा, अबोला, नातेवाइकांपुढे तिची उणीदुणी काढणे, मनातल्या मनात तिच्याशी वाद घालून ते जिंकणे. हे थांबवण्याचा निर्णय आपण आज केलात आणि उद्या पुन्हा राग उसळला, तर आजचा निर्णय खोटा ठरत नाही. उद्या तो पुन्हा करायचा. संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात आपल्या मठवासीयांसाठी जो नियम लिहिला, त्याच्या तेराव्या प्रकरणात सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनेच्या शेवटी मठप्रमुखाने प्रभूची प्रार्थना सर्वांना ऐकू येईल अशी म्हणावी, असे सांगितले आहे. कारणही दिले आहे: एकत्र राहणाऱ्यांमध्ये कुरबुरींचे काटे उगवतच असतात, आणि त्या प्रार्थनेतल्या क्षमेच्या वचनाने त्यांनी रोज ते उपटून टाकावेत. संन्यास घेऊन एका छपराखाली राहणाऱ्यांना हे दिवसातून दोनदा करावे लागते. आपल्याला चार वर्षांचा काटा एका झटक्यात निघाला नाही, म्हणून अपराधी वाटून घेऊ नये.

इथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. हे सगळे मी आपण लिहिलेल्या परिस्थितीला धरून सांगतो आहे. तिथे दोन दुखावलेली माणसे आहेत आणि दोघांच्याही हातून काही ना काही चुकले आहे. जिथे एकाने दुसऱ्यावर हात उगारला आहे, लैंगिक अत्याचार केला आहे किंवा वर्षानुवर्षे दहशतीत ठेवले आहे, तिथे ‘आधी आपला वाटा शोधा’ हा सल्ला घातक आहे आणि मी तो कधीही देत नाही. तिथे पहिली गोष्ट सुरक्षितता; क्षमा झाली तरी त्या माणसाकडे परत जाणे तिच्यात येत नाही, आणि कायद्याकडे जाणे क्षमेच्या आड येत नाही. समोरची व्यक्ती हयात नसेल तर समेट या जगात होणार नाही, पण पश्चात्ताप आणि क्षमा दोन्ही शक्य असतात. आणि काही सज्जन माणसांना पापाची भीती एवढी जडलेली असते की, ती प्रत्येक भांडणात सगळा दोष स्वतःकडेच घेतात. अशांनी एकट्याने आत्मपरीक्षण करत बसण्याऐवजी एखाद्या अनुभवी मार्गदर्शकाबरोबर बसावे. आपण यांपैकी कशात मोडत असाल, तर माझे बाकीचे उत्तर बाजूला ठेवून आधी तेवढे करावे.

आपल्याकडे तीन आठवडे आहेत, आणि परंपरेने या तीन आठवड्यांचा पुष्कळ विचार करून ठेवला आहे. पाश्चात्य मंडळीत पूर्वी राखेच्या बुधवाराआधी तयारीचे तीन रविवार असत. 1969 च्या रोमन दिनदर्शिकेच्या सुधारणेत ते वगळण्यात आले. राखेच्या बुधवाराच्या आदल्या दिवसाच्या ‘श्रोव्ह ट्यूजडे’ या इंग्रजी नावात मात्र जुनी आठवण उरली आहे, कारण त्यातल्या जुन्या इंग्रजी क्रियापदाचा अर्थच पापनिवेदन ऐकणे असा आहे. पौर्वात्य ऑर्थोडॉक्स मंडळीत ही तयारी आजही शाबूत आहे, आणि तिचा क्रम मला इतका पटतो की, माझ्या शिबिरांत मी तोच वापरतो.

त्यांची सुरुवात होते परूशी (धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या पंथातला) आणि जकातदार (लोक ज्याला पापी समजत असा करवसुली करणारा) यांच्या दाखल्याने. आठवड्यातून दोनदा उपवास करणारा परूशी मंदिरात उभा राहून आपण दुसऱ्यांसारखे नाही याबद्दल देवाचे आभार मानतो. जकातदार दूर उभा राहून छाती बडवतो, आणि नीतिमान ठरून घरी जातो तो जकातदार. त्या रविवारनंतरच्या आठवड्यात या मंडळीत नेहमीचे बुधवार-शुक्रवारचे उपवासही ठेवत नाहीत, म्हणजे कोणी परूश्यासारखी उपवासाची फुशारकी मारू नये. आपल्या पहिल्या आठवड्यासाठी माझी सूचना हीच आहे: काहीही सोडू नका, कोणालाही भेटायला जाऊ नका. एका कागदावर फक्त आपला वाटा लिहा. अंत्यविधीच्या दिवशी आपण नेमके कोणते शब्द बोललात, तेच शब्द लिहा. ‘नको ते’ असे लिहू नका. त्यानंतर चार वर्षांत तिचा फोन किती वेळा उचलला नाही, तिच्याबद्दल कोणाकोणाला काय सांगितले, तेही लिहा. प्रत्येक वाक्य ‘मी’ या शब्दाने सुरू व्हावे आणि एकाही वाक्यात ‘कारण ती’ येऊ नये. हे दिसते तितके सोपे नाही. माझ्या स्वतःच्या कागदावर पहिल्या दिवशी दोनच ओळी उतरल्या होत्या.

दुसरा रविवार उधळ्या पुत्राचा असतो: बापाकडून आपला वाटा घेऊन घर सोडणारा, तो उधळणारा आणि शेवटी परतणारा धाकटा मुलगा. त्याच्या परतण्यावर पुष्कळ प्रवचने होतात, आणि ती योग्यच आहेत. पश्चात्तापासाठी असलेला हिब्रू शब्दही मुळात मागे फिरणे याच अर्थाचा आहे. पण आपल्याला मी त्या दाखल्यातल्या थोरल्या मुलापाशी थांबायला सांगेन. तो शेतातून येतो, गाण्या-नाचण्याचा आवाज ऐकतो आणि घरात जायचे नाकारतो. त्याची तक्रार खरी आहे: त्याने वर्षानुवर्षे राबून घर सांभाळले, आणि दुसरा निघून गेला होता. आईजवळ राहिलेले आपण होता, म्हणून हा मुलगा आपल्या ओळखीचा आहे. बोलताना तो ‘माझा भाऊ’ म्हणत नाही, बापाला ‘हा तुमचा मुलगा’ म्हणतो. बाप त्याला रागावत नाही, त्याचे कष्ट नाकारत नाही. जे काही माझे आहे ते सर्व तुझेच आहे, असे सांगतो, आणि मग हळूच नाते दुरुस्त करतो: ‘हा तुझा भाऊ’. पुढे थोरला आत गेला की नाही, हे शुभवर्तमानात हा दाखला लिहिणारा लूक सांगत नाही. आपल्या पूर्ण मजकुरात आपण तिला एकदाही ‘ताई’ म्हटलेले नाही. ‘ती’ किंवा ‘माझी बहीण’ एवढेच आहे. या आठवड्यात रोजच्या प्रार्थनेत तिचे नाव ‘ताई’ म्हणून घ्यावे. दुसरी कोणतीही विनंती तिच्यासाठी करता आली नाही, तरी एवढे करावे.

त्यानंतर अंतिम न्यायाचा रविवार येतो, आणि शेवटी क्षमेचा रविवार. त्या संध्याकाळच्या उपासनेत लोक एकेक करून एकमेकांसमोर येतात, वाकतात आणि म्हणतात, ‘मला पाप्याला क्षमा कर’. समोरचा म्हणतो, ‘देव क्षमा करो, आणि मलाही क्षमा कर.’ धर्मगुरूही यातून सुटत नाही. लोकांपुढे वाकणाऱ्यांत तो पहिला असतो. सिरियन परंपरेतही प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या सोमवारी ‘शुब्कोनो’ नावाचा असाच समेटाचा विधी होतो. या विधीत कोणी कोणाला कारण सांगत नाही, खुलासा मागत नाही. प्रत्येकजण मागणारा असतो, म्हणून कोणाचाही हात वर राहत नाही.

तिसऱ्या आठवड्यात आपण ताईला लिहावे. चार वर्षांच्या अबोल्यानंतर अचानक दारात उभे राहणे किंवा फोन करणे म्हणजे तिला तिथल्या तिथे उत्तर द्यायला लावणे. पत्र तिला तिच्या वेळेने वाचता येते. मजकूर आपल्या कागदावरूनच घ्यावा आणि तो चार-पाच ओळींपेक्षा मोठा नसावा. असा काहीसा: ‘ताई, आईच्या अंत्यविधीच्या दिवशी मी तुला सगळ्यांसमोर अमुक म्हटले. त्यानंतर तू तीनदा फोन केलास आणि मी तो घेतला नाही. हे माझे चुकले. मला क्षमा कर. उत्तर दिलेच पाहिजे असे नाही.’ लिहून झाल्यावर त्यात ‘पण’, ‘तरीसुद्धा’ आणि ‘जर तुला वाईट वाटले असेल तर’ यांपैकी काही आहे का ते पाहावे, आणि असेल तर खोडावे. ‘मी तुला क्षमा केली आहे’ हे वाक्यही घालू नये. त्याचा अनुभव मी वर सांगितलाच आहे. आईच्या आजारपणाचा विषय काढायची वेळ येईल, पण तो तिने दार उघडल्यानंतर, शक्य तर समोरासमोर बसून.

पापनिवेदनाबद्दल विचारले होते. समेट पूर्ण होईपर्यंत थांबण्याची गरज नाही. 1551 मध्ये ट्रेंटच्या कॅथलिक धर्मपरिषदेने पश्चात्तापाची व्याख्या केली, तीत पापाबद्दलचे दुःख, त्याचा तिटकारा आणि ते पुन्हा न करण्याचा निर्धार एवढे आहे. रडू आले पाहिजे किंवा समोरच्याने आपल्याला मिठी मारली पाहिजे, असे तीत नाही. आपला कागद घेऊन जावे, त्यातले आपले सांगावे, आणि ‘बहिणीला क्षमा करण्याचा निर्णय केला आहे, पण मन अजून वळत नाही’ हेही जसेच्या तसे सांगावे. हे खोटे बोलणे नव्हे. उलट यापेक्षा खरे निवेदन मी क्वचितच ऐकतो. क्षमा करायचीच नाही, असे ठामपणे ठरवलेले असेल तरच अडचण येते, आणि आपण तसे ठरवलेले नाही हे आपल्या प्रश्नावरूनच दिसते. आपली मंडळी प्रॉटेस्टंट असेल, तर याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात एकमेकांजवळ पापे कबूल करण्यास सांगितले आहे, त्याप्रमाणे विश्वासातल्या पाळकांजवळ बोलावे. प्रॉटेस्टंट सुधारणेची सुरुवात करणाऱ्या मार्टिन ल्यूथर यांच्या 1517 च्या 95 प्रबंधांपैकी पहिलाच असे सांगतो की, विश्वासणाऱ्याचे सबंध आयुष्य पश्चात्तापाचे असावे. मठवासीयाचे सगळे जीवनच प्रायश्चित्तकाळासारखे असावे, असे संत बेनेडिक्ट त्याच्या सुमारे हजार वर्षे आधी म्हणाले होते. एवढ्या वादांनंतरही या मुद्द्यावर दोघे एकमेकांच्या किती जवळ आहेत, हे पाहून मला दरवर्षी नव्याने समाधान वाटते.

राहिला प्रश्न सोडण्याचा. कॅथलिक नियमाप्रमाणे राखेच्या बुधवारी आणि उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडे) जो उपवास आहे, तो 18 वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंत करायचा असतो. तो अर्थातच पाळावा, आणि आवडीचा पदार्थ सोडायचा असेल तर तोही जरूर सोडावा. पण त्याच्या जोडीला या चाळीस दिवसांत आणखी एक गोष्ट सोडावी: ताईने आपल्याला कसे वागवले ही हकिगत कोणालाही नव्याने सांगू नये. पापनिवेदन ऐकणारे धर्मगुरू किंवा समुपदेशक यांच्याजवळ सांगायला हरकत नाही. नातेवाइक, मित्रमैत्रिणी आणि अनोळखी माणसे यांच्याजवळ नाही. जीभ शिवशिवेल, विशेषतः कोणी सहानुभूतीने विचारले की. तेव्हा हा उपवास भुकेपेक्षा अवघड आहे हे कळेल. आणि हा संकल्प एकट्याने करू नये. संत बेनेडिक्ट यांच्या नियमात प्रत्येकाने या काळासाठी काय योजले आहे ते आधी मठप्रमुखाला सांगून त्याची संमती घ्यावी, असे आहे. आपणही राखेच्या बुधवाराआधी एका विश्वासू व्यक्तीला हे सांगून ठेवा, आणि पत्राचा कच्चा मसुदा पाठवण्याआधी त्याच व्यक्तीला एकदा वाचायला द्या.